प्यो इनसपची पाच गिअरची गाडी

प्यो इनसपला जेवताना "भात वाढू की शेवया करू?" असं विचारलं, की तो "काहीही चालेल" म्हणायचा. लग्नाला हॉल कुठला घ्यायचा, मुलीचं नाव काय ठेवायचं, भिंतींना कागद कुठल्या रंगाचा लावायचा, सगळ्याला त्याचं हेच उत्तर. त्यामुळे घरात त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती आणि त्याचं मत विचारायची सवयही कुणाला उरली नव्हती. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात या माणसाने हट्टाने एकच वस्तू घेतली होती. गडद निळ्या रंगाची, पाच गिअरची एक सेडान, आणि तीही अठरा वर्षांपूर्वी. शोरूममधला विक्रेता तेव्हाच म्हणाला होता, "साहेब, गिअरवाली आता कोण घेतं? मुद्दाम मागवावी लागेल."

"मागवा," इनसप म्हणाला होता.

शेजारी उभ्या असलेल्या उन्सिलने, म्हणजे त्याच्या बायकोने, वळून त्याच्याकडे असं पाहिलं होतं, जणू घरातलं कपाट बोललं.

इनसप औषध कंपनीत एम.आर. होता. मोठ्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांपुढे वाकणारा तो एम.आर. वेगळा. हा वनजूतल्या घरून सकाळी निघायचा आणि डोंगरातल्या गावोगावच्या औषधांच्या दुकानांत कंबरेला चिकटवायच्या पट्ट्या, पोट साफ ठेवायच्या पुड्या आणि दारू उतरवायच्या बाटल्या खपवायचा. एक दिवस यंगवल, एक दिवस प्यंगछांग, एक दिवस जंगसन आणि गुरुवारी सगळ्यात लांबचं थेबेक. इतकी वर्षं हेच रस्ते, हीच दुकानं आणि काउंटरपलीकडची तीच माणसं. फरक एवढाच, की ती माणसं आता वाकली होती आणि काही काउंटरांमागे त्यांच्या सुना उभ्या राहू लागल्या होत्या. त्याचा चेहरा बघून एखादी दुकानदारीण कपाटातून ताकदीच्या औषधाची बाटली काढून झाकण फोडून त्याच्याच हातात द्यायची.

"घ्या प्यो साहेब. तुमच्याच कंपनीचं आहे. बघा काही फरक पडतोय का."

तो पिऊन टाकायचा. फरक पडायचा नाही. थकवा त्याच्या अंगात असा मुरला होता, की तो गेला असता तर इनसपच्या कपड्यांत कोण उरलं असतं, हे सांगणं अवघड होतं.

पण मुनजेचा घाट लागला, की काहीतरी व्हायचं. वळण येण्याआधी तो चौथ्यातून तिसऱ्यात यायचा, इंजिनाचा आवाज वर चढायचा, स्टिअरिंगमधून रस्त्याचा खरखरीतपणा हाताला कळायचा आणि गाडी वळणाला अशी चिकटून जायची, की ब्रेकला पाय लावावा लागायचा नाही. वेग फार नसायचा. मागून येणारा कोबीचा ट्रकसुद्धा कधीमधी हॉर्न मारायचा. पण त्या वीस-पंचवीस वळणांत इनसप ना एम.आर. असायचा, ना कुणाचा नवरा, ना कुणाचा बाप. घाट उतरला, की पुन्हा पट्ट्या आणि पुड्या.

ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. कुणी विचारलीही नव्हती.

त्या नोव्हेंबरात ही गाडी भंगारात जायची वेळ आली, ती त्याच्या साडूमुळे. साडूचं नाव मेंग, धंदा चष्म्यांचा. मेंग वयाने इनसपपेक्षा तीन वर्षांनी लहान. पण मेंगची बायको ही उन्सिलची थोरली बहीण, त्यामुळे रीतीप्रमाणे इनसपने त्याला 'दादा' म्हणायचं आणि त्याने इनसपला 'अरे प्यो' म्हणायचं. लहान माणसाला आयुष्यभर दादा म्हणणं हे काही सोपं काम नाही, पण इनसपला कुठलंच काम सोपं नसल्यामुळे हे वेगळं जाणवत नसे.

रविवारी सगळे डुकराचं मटण भाजायला मेंगच्या घरी जमले होते. मेंगने कात्रीने मटणाचे तुकडे करता करता विषय काढला.

"अरे प्यो, तुझं नशीब उघडलं. माझ्या चुलत भावाच्या शोरूमला एक गाडी आलीय. अगदी माझ्या गाडीसारखीच. ज्याने बुक केली होती त्याने रद्द केली. नाहीतर या गाडीला लोक वर्षभर थांबतात. शनिवारपर्यंत तुझ्यासाठी अडवून ठेवलीय."

"दादा, माझी चालतेय की अजून."

"चालतेय? तुझी गाडी चालत नाही, खोकते. परवा तू आलास तेव्हा आमच्या वॉचमनने विचारलं, भाजीवाला आलाय का म्हणून."

उन्सिल हसली नाही. सॅलडच्या पानात मटण गुंडाळत ती म्हणाली, "भाऊजी, नव्या गाड्या म्हणे आपोआप ब्रेक लावतात?"

"लावतात? अगं, ती गाडी तुझ्या नवऱ्यापेक्षा जास्त जागी असते. रेघेच्या बाहेर गेली, की स्वतः आत येते. सीट थंड होते, गरम होते, पाठ चोळून देते. बायकोच्या आवाजात बोलते, आणि फरक म्हणजे गोड बोलते!" यावर मेंगच्या बायकोने त्याला चिमट्याने हाणलं. मेंगने दुर्लक्ष केलं. "एक काम कर. हा आठवडा माझी गाडी घेऊन जा. मी हिची घेतो. शनिवारी भावाकडे जाऊन सही करू. जुनी तिथेच सोडून द्यायची, भंगारवाला येऊन नेईल. गिअरची गाडी आता फुकट दिली तरी कुणाला चालवता येत नाही."

इनसप म्हणाला, "बघतो, दादा."

बघतो म्हणजे हो, असं सगळ्यांनी धरलं. इनसपचं बघतो आजवर दुसरं कधी निघालंच नव्हतं.

मेंगची गाडी खरोखर चांगली होती. हे इनसपने पहिल्याच दिवशी मान्य केलं, आणि त्यामुळेच तो जास्त खचला. ती नालायक असती तर सोपं होतं. बसल्याबरोबर सीट पुढे सरकून त्याला पोटाशी घ्यायची. आवाज येत नाही, खड्डा कळत नाही, क्लच नसल्यामुळे डावा गुडघा रात्री ठणकत नाही. मुनजेच्या घाटात त्याने एकदा जरा मनासारखं वळण घेऊन पाहिलं, तर स्टिअरिंगने हळूच, पण ठामपणे त्याचा हात मागे वळवला. सासूबाईंनी वाढताना हातातला डाव काढून घ्यावा तसं. त्यानंतर त्याने पुन्हा प्रयत्न केला नाही. गाडी जात होती, तो बसला होता.

गुरुवारी थेबेकहून परतताना, जेछनच्या पुढे सरळ रुंद रस्त्यावर, इनसप झोपला.

किती वेळ, ते त्याला कळलं नाही. टिंग टिंग असा आवाज आला म्हणून डोळे उघडले, तर समोरच्या पडद्यावर वाफाळत्या कॉफीच्या कपाचं चित्र आणि एक गोड बाई सांगत होती, की आपण थोडी विश्रांती घ्यावी. दोन्ही हात मांडीवर. गाडी आपली रेघेच्या मधोमध, पुढच्या टँकरपासून नीट अंतर ठेवून चालली होती. इनसपने गाडी विसाव्याच्या जागी घातली. अठरा वर्षं त्याला पेंग यायची, जांभया यायच्या, गालावर थपडा मारून घ्याव्या लागायच्या. पण हात नि पाय कामात असल्यामुळे झोप कधी लागली नव्हती. इथे कामच नव्हतं. आणि गाडीने वाचवलं, हेही खरं होतं. या दोन गोष्टी एकत्र कशा मांडायच्या, ते त्याला सुचेना.

घरी पोचला तेव्हा अंधार पडला होता. त्याची इमारत जुनी. तळघरात पार्किंग नाही, आणि गाड्या घरांच्या दुप्पट. अशा वसाहतींत राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेला नियम असा, की जागा भरल्या, की उभ्या गाड्यांच्या पुढ्यात आडवी गाडी लावायची, चाकं सरळ करायची, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक नाही, आणि काचेमागे फोन नंबर. सकाळी ज्याला बाहेर पडायचं असेल तो आडवी गाडी ढकलतो, आपली काढतो आणि जातो. इनसपची निळी गाडी या बाबतीत वसाहतीत लाडकी होती. वाण्याकडची सत्तरीची आजीसुद्धा ती एका हाताने सरकवायची. डिकीवरचा रंग एका जागी तळव्यांनी झिजून फिका पडला होता.

त्या दिवशी इनसपने मेंगची गाडी सवयीप्रमाणे आडवी लावली, चाकं सरळ केली, बंद केली आणि वर जाऊन झोपला. गाडी बंद झाल्याबरोबर तिने आपली आपण चाकं आवळून घेतली, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

सकाळी आडव्या गाडीमागे अडकली ती नेमकी हामबाईंची व्हॅन. हामबाई म्हणजे वसाहतीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांना उशीर करायची हिंमत अजून थंडीनेही केली नव्हती. आणि दिवस किम्चीचा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी मंडळ दरवर्षी किम्ची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालतं. रात्रभर मिठात घातलेले कोबी व्हॅनमध्ये, आणि पलीकडच्या सभागृहात मंडळाच्या बायका लाल मसाला कालवून, रबरी हातमोजे चढवून तयार.

हामबाईंनी गाडी ढकलली. हलली नाही. वॉचमन बांगकाका आले. दोघांनी ढकलली. मग शाळेची बस चालवणारा आला, तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं आलं, कुत्र्याला फिरवणारा एकजण आला आणि कुत्र्याला खांबाला बांधून तोही लागला.

"काका, तुम्ही ढकलताय की टेकलाय?"

"अध्यक्षबाई, या वयात दोन्ही एकच असतं."

काचेमागच्या नंबरावर फोन केला, तर कुणी उचलेना. नंबर मेंगचा होता आणि मेंग फोन गप्प करून झोपला होता. गाडी कुणाची, हेही कळेना. प्यो साहेबांवर संशय घेण्याचं कारणच नव्हतं. त्यांची निळी गाडी आठवडाभर कोपऱ्यातल्या जागेत गरीब चेहऱ्याने उभी होती. शेवटी बायकांनी कोबी हातोहात बाहेर काढून तीन घरच्या गाड्यांत भरले. मिठाचं पाणी सगळ्या अंगणात, आणि बसवाल्याच्या सीटवरही.

मेंग उठला, फोनवर बावीस न उचललेले कॉल बघून हादरला आणि त्याने उन्सिलला फोन लावला. इनसप आतल्या पातळ उबदार विजारीवर कोट चढवून धावत खाली आला, तेव्हा शेवटचा कोबी बाहेर निघत होता.

"प्यो साहेब!" हामबाई म्हणाल्या. "तुम्ही? अहो, तुमची गाडी तर माझी नात ढकलते!"

इनसप कमरेतून वाकला. पुन्हा वाकला. मग सगळ्यांकडे एकेकदा वाकला, चुकून कुत्र्याकडेही. त्याने मुद्दाम केलेलं नाही, हे कळल्यावर मात्र सगळ्यांचा राग गाडीवर गेला. असली गाडी आपल्या वसाहतीत चालायचीच नाही, असं बांगकाकांनी जाहीर केलं. ढकलता येत नाही ती गाडी कसली, असं बसवाला म्हणाला. "तुमची जुनीच बरी, प्यो साहेब. घेऊ नका ही," हामबाईंनी कोबी उचलता उचलता निकाल दिला.

इनसपच्या छातीवरचं ओझं उतरलं. काही न बोलता काम झालं होतं. वसाहतीला चालत नाही, म्हणून नको. शनिवारी दादाला हेच सांगायचं.

तेवढ्यात दादाच आला. वसाहतीतल्या लोकांनी आपल्या गाडीला ओरखडे तर पाडले नाहीत ना, हे बघायला. गाडीभोवती फिरून झाल्यावर त्याने सगळी हकिकत ऐकली आणि कपाळावर हात मारला.

"एवढंच? अरे प्यो, हे बघ. बंद करण्याआधी न्यूट्रलला घ्यायची आणि हे बटण दाबून धरायचं. झालं! ढकला आता."

बांगकाकांनी बोट लावलं आणि गाडी लोण्यासारखी सरकली.

"अरे वा," काका म्हणाले. "मग चांगली आहे की."

"मग हरकत नाही," हामबाई म्हणाल्या. "घ्या, प्यो साहेब."

एवढ्या लवकर बाजू बदलणारी माणसं इनसपने निवडणुकीतही पाहिली नव्हती.

"उद्या अकराला," मेंग म्हणाला. "सहीचा शिक्का आण."

इनसप वर आला. उन्सिलने समोर सूप ठेवलं. त्याने चमचा उचलला आणि खाली ठेवला.

"काय झालं?" तिने विचारलं. "कोबी धुतले जातील. हामबाई उद्या विसरतील."

"ते नाही."

"मग?"

"काल मी झोपलो. गाडी चालवताना."

उन्सिल उभी होती ती बसली. त्याने सगळं सांगितलं. टँकर, कॉफीचा कप, मांडीवरचे हात.

"म्हणजे त्या गाडीने वाचवलं," ती सावकाश म्हणाली. "मी हेच म्हणते ना? मला का ती थंड सीट हवीय? दर गुरुवारी तुम्ही येईपर्यंत मी ताट वाढत नाही. का? भूक नसते म्हणून? त्या रस्त्यावर कधीतरी झोपाल, ही भीती मला आजची नाही, कित्येक वर्षांची आहे."

"माझ्या गाडीत झोप लागत नाही."

"का? तिच्यात काय काटे आहेत?"

इनसपने सुपाचा वाडगा बाजूला सरकवला. पुढचं वाक्य म्हणायला त्याला मोठा घाट चढल्यासारखं झालं.

"मला ती चालवायला आवडते."

उन्सिलने पुन्हा बोललेल्या कपाटाकडे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं, पण या वेळी जास्त वेळ. "आवडते म्हणजे?"

"आवडते. मजा येते. दिवसभरात तेवढीच येते."

भांडण झालं असतं तर बरं, असं त्याला वाटलं. ती उठली. भांडी विसळून झाल्यावर टॉवेलला हात पुसत म्हणाली, "उद्या मला दाखवा."

शनिवारी सकाळी अकराला, मेंग शोरूममध्ये वाट बघत असताना, ती दोघं निळ्या गाडीतून मुनजेच्या घाटाला लागली होती. इतक्या वर्षांत उन्सिल त्याच्यासोबत गेली होती ती सणाच्या गर्दीत, बाजाराला, इस्पितळात. तेव्हा तो अंड्यांची टोपली मांडीवर असल्यासारखा चालवायचा. आज पहिल्या वळणाला त्याने गिअर खाली घेतला, इंजिन गुरगुरलं, आणि तिची पर्स मागच्या सीटवर या टोकाची त्या टोकाला गेली. तिने दारावरचं हँडल धरलं.

"मळमळतंय."

"थांबू?"

"नको. वरपर्यंत न्या." जरा वेळाने म्हणाली, "मागे ट्रक आहे, त्याला जाऊ द्या." मग आणखी दोन वळणांनी, "नाही, नको जाऊ देऊ."

ती रस्त्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. घरी सोफ्यावर हा माणूस तांदळाचं पोतं टेकवून ठेवल्यासारखा बसायचा. इथे पाठ ताठ होती. ओठ थोडे उघडे होते आणि पुढचं वळण येण्याआधी मान किंचित त्या बाजूला जायची. हा माणूस तिने शेवटचा कधी पाहिला होता, ते तिला आठवेना, आणि त्याचा तिला थोडा रागही आला. इतकी वर्षं हा इथे येऊन एकट्याने स्वतःलाच भेटत होता तर.

खाली आनहंग गावात येऊन दोघं वाफेवरच्या गरम गोड पावांच्या दुकानात बसली. तिने पाव मोडला, आतलं लाल चवळीचं पुरण फुंकर घालून गार केलं आणि म्हणाली, "गाडी राहू दे."

इनसपने मान वर केली.

"पण थेबेक सोडा."

"थेबेक?"

"झोप येते ती गाडीमुळे नाही, तुमच्यामुळे येते. तुम्ही थकलात. गाडी बदलून ते जात नाही, आणि न बदलूनही जात नाही. सोमवारी कंपनीत सांगा, गुरुवार माझ्याने होत नाही."

"पण मग कमिशन..."

"मी विचारलं का त्याबद्दल?" ती म्हणाली. "आणि भाऊजींना मी काही सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं. आत्ता."

इनसपने फोन लावला. पलीकडून मेंगचा आवाज तिलाही ऐकू येत होता.

"कुठे आहेस? भाऊ कॉफी पाजून पाजून थकला!"

"दादा, मला ती गाडी नको."

"रंग आवडला नाही का? दुसरा रंग बघू."

"रंग चांगला आहे. मला माझी आवडते."

"अरे प्यो, तू प्यायलायस?"

"दिवसाढवळ्या, दादा?"

"मग असं का बोलतोयस? मी भावाला काय सांगू?"

"सांगा, साडू विचित्र आहे."

"ते त्याला माहीत आहे," मेंग म्हणाला आणि फोन ठेवला. पुढे महिनाभर तो इनसपशी बोलला नाही. नंतर स्वतःच्या चष्म्याच्या दुकानातून त्याने वाचायचा एक चष्मा पाठवला आणि विषय मिटला.

कंपनीतलं काम जास्त जड गेलं. टीम लीडर इनसपच्या मुलीपेक्षा थोडाच मोठा. त्याला थेबेक होत नाही हे सांगताना इनसपची मान खाली होती आणि शब्द तीनदा अडकले. पोरगा सभ्य होता, म्हणाला, ठीक आहे, नव्या मुलाला देऊ. पण त्याने मान हलवली ती अशी, की या माणसाचं नाव आता कुठल्या रकान्यात जाणार, ते इनसपला कळलं. त्या दिवशीची दुकानं करून संध्याकाळी घरी येताना घाटातही त्याला फारशी मजा आली नाही.

पुढच्या गुरुवारी उन्सिल लवकर उठली, अगदी नेहमीसारखी. डबा भरायचा नाही हे आठवून ती स्वयंपाकघरात थोडा वेळ उभी राहिली. मग तिने जाऊन बघितलं. इनसप झोपला होता, तोंड उघडं, एक हात पांघरुणाबाहेर लोंबकळलेला. नऊ वाजले, दहा वाजले. हामबाई किम्चीचा डबा घेऊन दाराशी आल्या, तेव्हा उन्सिलने ओठांवर बोट ठेवलं.

"बरं नाही का?" हामबाईंनी कुजबुजत विचारलं.

"बरं आहे," उन्सिल म्हणाली. "झोपलेत."